परब आणि रेंगाळणाऱ्या खिडक्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि बायकोपासून लपवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपचा चार्जर मी रिक्षात विसरलो. त्याबद्दल खोटं बोललो. पुढे त्याच चार्जरपायी एका माणसावर चोरीचा आळ आला, तेव्हा मी त्याच खोलीत, त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि भिंतीवर लावलेलं एका इमारतीचं चित्र अतिशय लक्षपूर्वक बघत होतो.

त्या माणसाचं नाव परब. पहिलं नाव पगाराच्या कागदावर असेल. तोंडात कोणाच्याच नव्हतं. त्यांची बायकोसुद्धा माणसांसमोर त्यांना "आमचे परब" म्हणायची.

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. बिल्डरांच्या न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करून दाखवायच्या, हा आमचा धंदा. गिऱ्हाईक माऊसने दार उघडतं, हॉलमधून फिरतं, बाल्कनीत जाऊन खाली बघतं. खाली प्रत्यक्षात नाला असतो. आमच्याकडे बाग असते. भिंती मी उभ्या करायचो. बाग, ऊन आणि पडदे हे खातं हेमांगीचं. ती वेसाव्याची, तिशीतली, आणि तोंडाने आमच्या सगळ्यांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. मालक मेहुलभाई घाटकोपरचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर या गोष्टीतला वाईट माणूस शोधायला तुम्ही चुकीच्या केबिनमध्ये जाल.

ही सगळी माया ज्या यंत्रांवर चालायची ती यंत्रं परबांच्या ताब्यात. परब मूळचे कणकवलीकडचे. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली होती. त्यांचं खातं बंद झालं, त्यांनी पैसे घेऊन निवृत्ती पत्करली, आणि ज्या वयात माणसं गावच्या घराची कौलं चाळायला घेतात त्या वयात परब लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, शिकायला बसले. लिनक्सच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"त्याचं झाकण उघडून आत बघता येतं," परब म्हणाले. "बाकीच्यांचं वेल्डिंग करून टाकलंय."

नोकरीच्या मुलाखतीला आले त्या दिवसाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. त्या काळात मेहुलभाईंचा कॉम्प्युटर रोज सकाळी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दोन एजन्सींची माणसं आली होती; एकाने मेमरी बदलली, दुसऱ्याने अख्खी विंडोज. परबांनी मशीनला बोटही लावलं नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि तासभर नुसते बघत राहिले. मेहुलभाईंना वाटलं, माणूस झोपला. अकराच्या सुमाराला खालच्या गाळ्यातलं पत्रा कापायचं मशीन सुरू झालं, आमची जमीन नेहमीसारखी थरथरली, कॉम्प्युटर बंद पडला. परब उठले. "तुमचा कॉम्प्युटर बरा आहे," ते म्हणाले, "खालच्या माणसाला वेगळी लाइन घ्यायला सांगा." मेहुलभाईंनी त्यांना तिथल्या तिथे ठेवून घेतलं, आणि पुढची सहा वर्षं ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः शोध लावल्यासारखी सांगितली.

परबांच्या सवयी कारखान्याच्या होत्या. गरम मशीनला ते नेहमी हाताच्या पाठीने शिवायचे. तळहाताला करंट लागला तर मूठ मिटते आणि वायर सुटत नाही. हाताच्या पाठीला लागला तर हात झटकून मागे येतो. लॅपटॉपमध्ये असला करंट नसतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी हात उलटाच. कीबोर्डवर काही टाइप करण्याआधी ते पेन्सिलीने वहीत लिहायचे, लिहिलेलं वाचायचे, मग टाइप करायचे. वहीला दोन रकाने. काय केलं. काय झालं. कोणी केलं, असा तिसरा रकाना त्यांनी कधी आखला नाही. मी एकदा सुचवला होता. "ते कळून मशीन चालू होतं काय?" त्यांनी विचारलं होतं.

बोलणं दोन प्रकारचं. मशीनशी मालवणीत. "काय रे मेल्या, काय झाला तुका," असं ते एखाद्या सर्व्हरला विचारायचे, आणि तो ऐकतोय असं आम्हाला वाटायचं. माणसांशी साधं मुंबईचं मराठी, थट्टेत मालवणी घुसायची तेवढीच. पण राग आला की एकदम शाळेच्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायला लागायचे. "आपण हे कृपया बंद करावे," असं परब म्हणाले की हेमांगी जागेवरून उठून चहाला निघून जायची.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, तिच्याशिवाय माझी लबाडी नीट कळणार नाही. कारखान्यात वर पॅनेलमध्ये हात घालण्याआधी परब खाली उभ्या असलेल्या जोडीदाराला विचारायचे, "लाइन बंद?" तो म्हणायचा, "बंद." मग हात घालायचा. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर तो जोडीदार पुन्हा तुमच्याबरोबर काम करत नसे. तो अपमान समजला जायचा. पंचवीस वर्षांत परबांनी असा हजारो वेळा हात घातला होता. हे त्यांनी मला डबा खाताना सांगितलं होतं, भाकरीचा तुकडा मोडत, अगदी सहज. मी म्हटलं, आणि तो खोटं बोलला तर?

"कशाला बोलेल?" परब म्हणाले. त्यांना खरोखरच कारण सुचेना.

आता खिडक्यांबद्दल. लिनक्समध्ये स्क्रीनवरच्या हालचालींना नाना प्रकारची सजावट करता येते. खिडकी ओढली तर ती जेलीसारखी थुलथुलते. बंद केली तर जळून राख झाल्यासारखी दिसते. आणि सगळ्यांत मोठा तमाशा म्हणजे घन: अख्खा स्क्रीन एका ठोकळ्यासारखा होतो, त्याच्या प्रत्येक बाजूवर वेगळं काम उघडं असतं, आणि तो ठोकळा गरकन फिरवता येतो. हेमांगीने हे सगळं तिच्या मशीनवर चालू करून ठेवलं होतं. परबांचं त्यावरचं मत ठरलेलं होतं.

"मशीन कामाक ठेवलंस काय दशावतारात नाचूक?"

"परब, जरा रंगीत जगा," हेमांगी म्हणायची.

"रंग तू बागेक लाव."

पण एक दिवस मेहुलभाई तिच्या मागे येऊन उभे राहिले, आणि त्यांनी तो घन बघितला. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी लग्नाच्या हॉलमध्ये चॉकलेटचं कारंजं बघणाऱ्या लोकांच्या डोळ्यांत बघितलेलं आहे. "एक साइडला टू बीएचके," ते हळूच म्हणाले, "एक साइडला थ्री, एकावर टेरेस, एकावर साइट. फिरवायचं आणि दाखवायचं. पार्टी पागल होईल."

मुलुंडचा एक मोठा बिल्डर महिन्याभरात येणार होता. त्याचं काम मिळालं तर वर्षाची चिंता मिटत होती. त्यासाठी मेहुलभाईंनी आमच्या इतिहासातला सगळ्यांत दांडगा लॅपटॉप घेतला. दोन ग्राफिक्सच्या चिपा, मेमरी एवढी की परबांनीसुद्धा आकडा दोनदा वाचला, आणि विटेएवढा चार्जर. परबांनी त्यावर लिनक्स चढवलं, दशावतार चालू करून दिला, आणि टेबलाखाली चार्जरसाठी पत्र्याचा एक छोटा ट्रे ठोकला. मला त्याच महिन्यात टीम लीडर केलं होतं, म्हणजे पगार तोच आणि सही जास्त. लॅपटॉप माझ्या सहीवर आला. आठवडाभर घन भोवऱ्यासारखा फिरला. मेहुलभाई येता-जाता तो फिरवून जायचे.

मग मी एका सकाळी तो लॅपटॉप घेऊन मुलुंडला साइटवर गेलो. परतताना रिक्षात फोन आला. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता. चार्जर मावत नव्हता म्हणून कापडी पिशवीत, पायाशी. साकीनाक्याला उतरलो तेव्हा मी फोनवर एका भिंतीच्या जाडीबद्दल वाद घालत होतो. रिक्षा गेल्यावर मला हात हलका लागला.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन "मेहुलभाई, चार्जर हरवला" असं म्हणायला किती वेळ लागला असता? ते दोन मिनिटं ओरडले असते, संध्याकाळपर्यंत विसरले असते. नवा आला असता. हे तेव्हाही मला माहीत होतं. पण टीम लीडर होऊन मला अठरा दिवस झाले होते आणि मला ते ओरडणं हेमांगीसमोर नको होतं. एवढंच कारण आहे. मी नंतर याहून भारदस्त कारण पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पिन बघितली आणि तसलाच दिसणारा चार्जर काढून दिला. "सेम टू सेम," तो म्हणाला. आकार जवळपास तोच, रंग तोच. पिन बसली. दिवा लागला. दिवा लागला म्हणजे झालं, असं मला वाटलं. परबांच्या शेजारी सहा वर्षं बसूनही मला असं वाटलं, हे त्यांच्या शिकवणीला शोभणारं नव्हतं. चार्जर मी ट्रेमध्ये सरकवला, छापील बाजू खाली करून.

दुसऱ्या दिवशी घन अडखळला. मेहुलभाईंनी फिरवला तर तो देवळाच्या आवारातल्या म्हाताऱ्या हत्तीसारखा वळला. अर्ध्यात थांबला, विचार केला, पुन्हा वळला. खिडकी ओढली तर हात पुढे आणि खिडकी मागून, पाय ओढत.

"परब, हे काय झालं?"

"बघतो."

परब खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघितलं. हाताची पाठ मशीनला लावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "साळवी, काल बाहेर नेलं होतंस ना? पडलं-बिडलं नाही?"

"नाही."

"चार्जर तोच ना?"

"तोच," मी म्हटलं.

परबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी खोडलं. चार्जरचा प्रश्न संपला होता. त्यांनी खाली वाकून ट्रेकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे बारा दिवस परबांनी त्या मशीनच्या पोटात काढले. वेग पडतोय, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. का पडतोय ते दिसेना. त्यांनी सजावटीतला एकेक प्रकार बंद करून बघितला. खिडकी साधी केली तरी ती रेंगाळतच होती. ग्राफिक्सची चिप चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला, जुना घातला, पुन्हा नवा घातला. दोन चिपांपैकी मोठीला जबरदस्तीने कामाला लावलं. गरम होतंय का बघायला पंखा उघडला, साफ केला, चिपेवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. मशीन थंडगार होतं. शेवटी सगळं पुसून लिनक्स कोरं चढवलं. कोऱ्या लिनक्सवर कोरा घन तितकाच रेंगाळला.

"आमच्या वेसाव्याला होडी याच्याआधी वळते," हेमांगी म्हणाली.

"वल्ही मारणारे असतात तिथे," परब म्हणाले. त्या दिवसांत ते हसले असतील तर तेवढंच.

एक साधी गोष्ट त्यांनी केली नाही. पिन काढून मशीन बॅटरीवर चालवून बघितलं नाही. ते त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. बॅटरीवर कुठलंही मशीन थोडं हात राखूनच चालतं, म्हणून मोजमाप नेहमी पिन लावून घ्यायचं. हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. पहिल्याच दिवशी पिन काढणारा एखादा अडाणी माणूस पाच मिनिटांत मोकळा झाला असता. परब जाणते होते, म्हणून बारा दिवस अडकले.

आणि मला कळलं नव्हतं का? तिसऱ्या दिवसापर्यंत शंका होती. पाचव्या दिवशी खात्री होती. मी रोज त्यांना चहा आणून देत होतो.

त्यातच एका रविवारी एका कागदावर सही हवी म्हणून मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले. त्या खिडकीशी खुर्चीवर बसून कॉम्प्युटरवर पत्ते लावत होत्या. कॉम्प्युटर म्हणजे आमच्या ऑफिसने टाकून दिलेल्या सामानाची गोधडी. मेहुलभाईंनीच "घेऊन जा, परब, जागा खाली होईल" म्हणून दिलेलं. त्या गोधडीवर पत्त्यांची खिडकी जेलीसारखी, अगदी लाडात डुलत होती. वहिनींनी मला घन फिरवून दाखवला. लोण्यासारखा फिरला.

परब ओशाळले. "हिला आवडतं," ते म्हणाले.

"मला म्हणतात, याने मशीनला त्रास होतो," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं होऊ दे. मला पस्तीस वर्षं झाला, मी काही बंद पडले?"

"गुडघे पडले ना बंद."

"ते तुमच्या चौथ्या मजल्याने."

परब माझ्याबरोबर खालपर्यंत आले. जिन्यात म्हणाले, "साळवी, दहा वर्षांच्या भंगारावर चालतं आणि त्या राक्षसावर चालत नाही. माझंच काहीतरी चुकतंय. डोकं चालेनासं झालं बहुतेक." आधीच्या सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. त्याच जिन्यात मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "होईल हो, परब."

सोमवारी ऑफिसात मी ती गंमत सांगितली. परब आमच्या दशावताराला नावं ठेवतात आणि घरी वहिनींसाठी भंगारातून घन फिरवतात, एकदम झकास. सगळे हसले. मेहुलभाईही हसले. परब नव्हते तेव्हा.

बिल्डर सोमवारी येणार, त्याआधीचा शुक्रवार. दुपारचे तीन वाजले असतील. मेहुलभाई आमच्या मागे येरझाऱ्या घालत होते. परब कुठलीशी बाराव्यांदा केलेली गोष्ट तेराव्यांदा करत होते. तेवढ्यात अख्ख्या इस्टेटीची वीज गेली. खालचं मशीन थांबलं, पंखे थांबले, सगळे पडदे काळे झाले. एकटा लॅपटॉप उजळ. आणि त्याच्या पडद्यावर परबांनी फिरवायला सोडलेला तो घन एकदम सुटला. गरगर, गरगर, टू बीएचके, थ्री बीएचके, टेरेस, साइट.

"चालला की," हेमांगी म्हणाली.

परबांनी त्याच्याकडे दोन सेकंद बघितलं असेल. मग ते गुडघ्यावर बसले, टेबलाखालचा चार्जर बाहेर काढला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइलच्या उजेडात बारीक अक्षरं वाचली.

"नव्वद वॅट," ते म्हणाले. "याला दोनशे तीस लागतात." मग आमच्यासाठी सांगितलं. अशक्त, अनोळखी चार्जर लागला की हे मशीन धास्तावतं आणि स्वतःचा वेग आवरून धरतं. चार्जरची वीज तुटली की बॅटरीवर मोकळं पळतं. वीज गेली म्हणून कळलं.

ते उठले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे वरून बघावं तसं, उत्तरासाठी. मी भिंतीवरच्या इमारतीचे मजले मोजू लागलो.

"म्हणजे चार्जर चेंज झालाय," मेहुलभाई म्हणाले. "कोणी केला?"

माझे सात मजले मोजून झाले होते.

"परब?"

"यंत्र गेले बारा दिवस माझ्या ताब्यात आहे," परब म्हणाले. "उत्तर देणे माझ्याकडे लागते." एकदम पुस्तकातलं मराठी. हेमांगीने मान वर केली.

"तर द्या ना."

"माझ्याजवळ ते नाही."

मेहुलभाईंनी हिशेब केला, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तोच केला असता. सामान परब आणतात. ट्रे परबांनी ठोकला. बारा दिवस टेबलाखाली बघितलं नाही, तेही परबांनीच. लॅपटॉप माझ्या सहीवर होता, हे त्यांना आठवलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातून दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या, त्याचा छडा लागला नव्हता. "आणि घरी तर तुमच्याकडे सगळं मस्त चालतं," ते म्हणाले, "साळवी बोलला ना, एकदम झकास." आवाज चढलेला नव्हता. उलट समजुतीचा होता, तेच जास्त वाईट. "परब, झालं असेल काही तर बोलून टाका. माणसाला अडचण असते. मी काही पोलिसात जात नाही."

परब आपल्या जागेवर गेले. बॅग आणली. कोणी मागितली नव्हती. मेहुलभाईंच्या समोर टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवली. डबा. छत्री. पेन्सिलींचा जुडगा. वहिनींच्या गुडघ्यांच्या गोळ्या. एक टॉवेल. बॅग उलटी करून झटकली.

"अहो, मी बॅग कुठे मागितली," मेहुलभाई म्हणाले.

"आपण मागितली नाहीत. मी दाखवली."

मग त्यांनी बसून वहीत शेवटची नोंद केली. काय केलं: वीज गेली. काय झालं: कारण सापडलं, चार्जर. दोनशे तीस वॅटचा कुठे लगेच मिळेल त्याचा पत्ता खाली लिहिला, वही हेमांगीच्या टेबलावर ठेवली आणि सामान बॅगेत भरून निघाले.

मी जिन्यात त्यांना गाठलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.

"परब, तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत नाही," परब म्हणाले. "मी तुला विचारलं होतं, तू तोच म्हणालास. मी अजून तेच धरून चाललोय. तसं नसेल तर तू वर जाऊन सांगशील."

ते उतरत गेले. मी वर गेलो. वीज आली होती. मी जागेवर बसून एका बाथरूमची भिंत सहा इंच सरकवली.

सोमवारी नवा चार्जर होता आणि घन भोवऱ्यासारखा फिरत होता. मुलुंडचे बिल्डर आले, बसले. मेहुलभाईंनी घन एकदा फिरवला, दोनदा फिरवला. "ते गोल गोल बंद करा हो," बिल्डर म्हणाले, "चक्कर येते. फ्लॅट दाखवा." हेमांगीने बंद केला. त्यानंतर आजपर्यंत तो आमच्याकडे कोणी चालू केलेला नाही. काम आम्हाला मिळालं.

चारेक महिन्यांनी मी मेहुलभाईंच्या केबिनमध्ये नकाशे दाखवत होतो, तेव्हा त्यांना अंधेरीच्या एका ऑफिसमधून फोन आला. परब तिथे नोकरीसाठी गेले होते. "काम एक नंबर," मेहुलभाई फोनवर म्हणाले, "असा माणूस मिळणार नाही. फक्त सामान जरा तुमच्या नजरेखाली ठेवा." फोन ठेवून सुस्कारा टाकला. "खोटं कसं बोलणार, साळवी? उद्या त्यांचं काही गेलं तर?" मी म्हटलं, बरोबर आहे. नकाशा गुंडाळला.

गेल्या महिन्यात परब दिसले. विक्रोळीत एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर त्यांनी टेबल टाकलंय. समोर कोणाचा तरी उघडलेला लॅपटॉप होता, आणि ज्याचा होता तो माणूस उभ्याउभ्या घाई करत होता. परब बघत बसले होते. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, ओळखल्याचं मानेनेच सांगितलं, आणि हाताची पाठ त्या मशीनवर ठेवली. केस सगळे पांढरे झालेत. मी रस्ता ओलांडला नाही. त्या माणसाने काहीतरी विचारलं, परबांनी उत्तर दिलं, मला ऐकू आलं नाही.

माझ्याकडे त्यांचं काय निघतं ते सरळ लिहितो. परबांना सांगण्यासारखं काही नाही, त्यांना ते ठाऊक आहे. मेहुलभाईंना आणि हेमांगीला, परबांना तिथे बोलावून, त्यांच्या देखत सांगायचं आहे की चार्जर मी हरवला, दुसरा मी आणला, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्यानंतर अंधेरीच्या त्या ऑफिसला फोन करून हेच सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.